अक्षता पडतात तेव्हा चित्र फुटतं

शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट बाजूला होतो आणि सभागृहातल्या दोन-अडीचशे हातांतून एकाच वेळी अक्षता उडतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली भागात साधारण २००८ ते २०१५ या काळात लागलेल्या एखाद्या लग्नाची डीव्हीडी आज घरच्या मोठ्या टीव्हीवर लावून पाहावी. नेमकं याच क्षणी चित्र फुटतं. नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात, शालूची जर नुसता पिवळा पट्टा होते, मुंडावळ्यांचे मोती एकमेकांत मिसळून जातात. घरातले म्हणतात, तेव्हाचे कॅमेरेच तसे होते.

ते खरं नाही. कॅमेऱ्याने सगळं नीट टिपलं होतं, पण ते घरापर्यंत नीट पोचलं नाही.

हिशोब सोपा आहे. फुल एचडी कॅमेऱ्याच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्राला ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू मिळतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की उत्तर बरोबर ५ येतं. कॅमेऱ्याने जे पाहिलं त्यातला पाचवा हिस्सा तेवढा घरी आला. त्यातही लग्न तीन तासांचं आणि डिस्क एकच असेल तर आणखी काटछाट. साध्या डीव्हीडीची जागा ४.७ जीबी. ती तीन तासांवर पसरली की दर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात, आणि त्यातूनच आवाजालाही जागा द्यावी लागते. त्या काळातले एव्हीसीएचडी कॅमेरे दर सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत नोंद करत होते, तीही डीव्हीडीच्या एमपेग-२ पेक्षा कितीतरी कार्यक्षम पद्धतीने.

चित्र अक्षतांच्याच वेळी का फुटतं, याचं कारणही यातच आहे. व्हिडिओ आकुंचित करताना सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्राच्या तुलनेत काय बदललं, तेवढंच नोंदवतं. गुरुजी बसून मंत्र म्हणत असतील तर बदल थोडा आणि काम हलकं. पण शेकडो तांदळाचे दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी पडायला लागले की सगळंच बदलतं. ठरलेल्या जागेत तो बदल मावत नाही, आणि मग सॉफ्टवेअर बारकावे टाकून देतं. ज्या सेकंदासाठी सगळं कुटुंब महिनाभर धावलं, त्याच सेकंदावर सगळ्यात मोठी कात्री चालते.

असं का झालं, ते समजण्यासाठी थोडं मागे जायला हवं. नव्वदच्या दशकात लग्नाचं शूटिंग व्हीएचएसवर होत असे. नंतर मिनी-डीव्ही टेप आली आणि सोनीचा पीडी-१७० कॅमेरा घरोघरच्या लग्नांत दिसू लागला. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी ही एचडी चित्रण नोंदवण्याची पद्धत आणली. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या स्टिल कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओची सोय झाली आणि लग्नाच्या चित्रणाची सगळी रीतच बदलली. पाठोपाठ सोनीचा खांद्यावर घ्यायचा एमसी-२००० आला. शूटिंगवाल्यांनी कर्ज काढून हे कॅमेरे घेतले, ‘एचडी शूटिंग’ अशा पाट्या लावल्या. मिक्सिंगसाठी एडियस, प्रीमियर अशी सॉफ्टवेअर वापरात होती आणि तीही एचडी सहज पेलत होती.

अडलं ते शेवटच्या पायरीवर. ग्राहकाच्या घरी डीव्हीडी प्लेयर होता, ब्लू-रे प्लेयर नव्हता. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली आणि एचडी-डीव्हीडीविरुद्धची स्पर्धा ब्लू-रेने जिंकली, पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तो प्लेयर फारसा शिरलाच नाही. कोऱ्या डीव्हीडी मात्र स्वस्तात आणि स्पिंडलने मिळत होत्या. त्या बनवणारी ग्रेटर नोएडाची मोझर बेअर जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक होती. मग पॅकेजमध्ये करिझ्मा अल्बम, मोठी फ्रेम आणि दोन डीव्हीडी असं ठरून गेलं. चित्रण एचडीत, हातात डीव्हीडी.

यात शूटिंगवाल्याला एकट्याला दोष देणं अन्यायाचं ठरेल. मोसमात एकेका दिवशी दोन-दोन मुहूर्त, हार्ड डिस्कचे भाव चढे आणि ग्राहकाची मागणी एकच, ‘लवकर द्या’. पण एक गोष्ट सांगायला हवी होती आणि ती बहुतेकांनी सांगितली नाही. एचडी चित्रफीत साध्या डीव्हीडीवरही राइट करता येत होती. एव्हीसीएचडीच्या रचनेत ती लिहिली की ४.७ जीबीच्या त्याच स्वस्त डिस्कवर दर सेकंदाला १८ मेगाबिटच्या दर्जाने साधारण ३५ मिनिटं मावतात, आणि ती डिस्क ब्लू-रे प्लेयरवर किंवा संगणकावर पूर्ण स्पष्टतेने चालते. पस्तीस मिनिटांत मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी आणि पाठवणी आरामात बसतात. नेहमीच्या डीव्हीडीसोबत अशी एक जादा डिस्क दिली असती तर खर्च नगण्य होता. ती दिली गेली नाही, आणि हे त्या व्यवसायाचं खरं अपयश आहे.

चित्रापेक्षाही मोठं नुकसान आवाजाचं झालं. मिक्सिंगमध्ये मूळ आवाज दाबून त्यावर हिंदी सिनेमातली गाणी चढवण्याची पद्धत होती. हळद लागताना काकू काय म्हणाल्या, आजीने घेतलेला लांबलचक उखाणा, मुलीच्या वडिलांचा पाठवणीच्या वेळी भरून आलेला गळा, हे सगळं त्या गाण्यांखाली गेलं. वर गुलाबाच्या पाकळ्यांचे आणि बदामाच्या आकाराचे इफेक्ट. आज ती आजी नाही. तिचा आवाज रॉ फुटेजमध्ये आहे, डीव्हीडीत नाही. म्हणून मूळ फाइली मागून घ्यायच्या.

त्या मागण्यात संकोच नको, कारण कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढलं किंवा चित्रपट तयार केला, तर उलट करार नसेल तेव्हा त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा आणि पैसे देणारा असतो. लग्नाची चित्रफीत ही कायद्याच्या भाषेत चित्रपटच आहे. ती कुटुंबाची आहे. मात्र मूळ फाइली किती दिवस सांभाळायच्या, त्या कोणत्या स्वरूपात द्यायच्या, हे दोघांमधल्या बोलीवर अवलंबून राहतं आणि बिलाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत काहीही लिहिलेलं असू शकतं. आता लग्न ठरवणाऱ्यांनी ही बोली आधीच लिहून घ्यावी: संपादित चित्रफीत फुल एचडीत, शिवाय सगळं मूळ चित्रण हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क आपण आणून द्यावी. ज्यांचं लग्न दहा-पंधरा वर्षांपूर्वी झालं त्यांनीही एकदा फोन करून पाहावा. कपाटात जुन्या हार्ड डिस्क जपून ठेवणारे शूटिंगवाले आहेत, आणि त्या कायमच्या टिकत नाहीत हे त्यांनाही माहीत आहे.

घाई करण्याचं दुसरं कारण पुनर्विकास. नौपाडा, पाचपाखाडी, डोंबिवली पूर्व, कल्याणचा जुना भाग, सगळीकडे चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती रिकाम्या होत आहेत. भाड्याच्या तात्पुरत्या घरात जाताना सामान कमी करायचं असतं. माळ्यावरची पेटी उघडली जाते आणि ‘हे आता कुठे चालतंय’ असं म्हणत व्हीएचएस, मिनी-डीव्ही, सीडी-डीव्हीडी एका गोणीत भरल्या जातात. अल्बम राहतो, कारण तो उघडला की दिसतो. कॅसेटमध्ये काय आहे ते दिसत नाही, म्हणून ती भंगारात जाते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या वस्त्यांमधून असंच बरंच काही वाहून गेलं, पण तेव्हा माणसाच्या हाती काही नव्हतं. आता आहे.

पेटीत काय सापडेल त्यावर पुढचं काम ठरतं. मिनी-डीव्ही टेप असेल तर चालू कॅमेरा आणि फायरवायर पोर्ट असलेला जुना संगणक शोधावा लागतो. त्या वायरीतून टेपवरची नोंद जशीच्या तशी उतरते, एका तासाला सुमारे १३ जीबी. पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या पिनांच्या वायरीने उतरवली तर दर्जा घसरतो. हँडीकॅममधली आठ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी असेल तर ती ‘फायनलाइज’ झाली आहे का, हे आधी पाहावं. झाली नसेल तर ती बाकी कुठे उघडणार नाही, त्याच कॅमेऱ्यात घालून ते काम पूर्ण करावं लागेल. घरची किंवा लग्नाची साधी डीव्हीडी असेल तर काम सगळ्यात सोपं. तिच्यावर सिनेमाच्या डिस्कसारखं कुलूप नसतं, त्यामुळे संगणकात घालून आतला पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा. त्याचं लगेच दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करू नये. प्रत्येक रूपांतरात काहीतरी गळतं.

डीव्हीडीचं आयुष्य तिच्या रंगद्रव्यावर ठरतं. घरी राइट होणाऱ्या डिस्कमध्ये प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर ठिपके जाळतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग फिका पडतो, कडेने थर सुटू लागतो. खाडीकाठच्या आपल्या हवेत, पावसाळ्यात भिंतीला ओल धरणाऱ्या खोलीत, जपून ठेवलेली डिस्कही दगा देते. आज अडखळत का होईना चालत असेल, तर आजच उतरवून घ्यावी.

एचडी मूळ फाइली हाती आल्या की पुढचं काम घरी बसून होतं आणि ते मनापासून करण्यासारखं आहे. पाच तासांचं चित्रण समोर असतं. सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडताना चित्रण ज्या पद्धतीने झालं तीच ठेवायची, भारतात बहुधा १०८० आणि सेकंदाला २५ चित्रं. मग टाइमलाइनवर क्लिप मांडायच्या. इथे निवड करणाऱ्याची नजर लागते. व्यासपीठावर भेटवस्तू देणाऱ्यांची रांग पंचवीस मिनिटांची असेल तर ती पाचवर आणावी, पण जेवणाच्या पंगतीत आग्रह करणारे मामा पूर्ण ठेवावेत. गाणी काढून टाकावीत. मूळ आवाज कमी-जास्त करून समतल करावा, गुरुजींचा माइक बराच मोठा येतो. सीमांतपूजन, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, वरात अशी प्रकरणं पाडावीत, म्हणजे मेनूमधून हवं ते थेट लावता येतं.

निर्यात करताना एच-२६४ पद्धत, दर सेकंदाला २० ते २४ मेगाबिट, आणि ‘टू-पास’ हा पर्याय निवडायचा. यात सॉफ्टवेअर पहिल्या फेरीत सगळं चित्रण पाहून घेतं, कुठे हालचाल जास्त आहे ते टिपतं आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त जागा देतं. अक्षतांचा क्षण इथे वाचतो. या दर्जाने दोन तासांची चित्रफीत २५ जीबीच्या ब्लू-रे डिस्कवर मावते. थेट डिस्कवर लिहिण्याऐवजी आधी फोल्डर किंवा इमेज फाइल बनवावी, ती संगणकावर चालवून पाहावी, मग मध्यम गतीने राइट करावी आणि शेवटी पडताळणीचा पर्याय सुरू ठेवावा. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये, बॉलपेनने लिहू नये. डिस्कसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्कर मधल्या पारदर्शक कड्यावर चालवावा.

पेन ड्राइव्ह आणि क्लाउड असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. कारण एकदा लिहिलेली डिस्क पुन्हा लिहिता येत नाही. मुलाच्या हातून ती चुकून डिलीट होत नाही, व्हायरसने कुलूपबंद होत नाही, महिन्याचं भाडं थकलं म्हणून बंद पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ पुन्हा आकुंचन पावतो, आणि फोनमधले हजारो तुकडे कुणी क्रमाने लावत नाही. डिस्कची ठरलेली मर्यादा माणसाला निवड करायला लावते, आणि निवड केलेलीच चित्रफीत घरात पुन्हा पाहिली जाते. अर्थात नुसत्या डिस्कवर विसंबू नये. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. परदेशातल्या मुलांना मात्र फाइलच पाठवावी. डोंबिवलीतून न्यू जर्सीला गेलेल्या कितीतरी पाल डीव्हीडी तिथल्या एनटीएससी प्लेयरवर चालल्याच नाहीत, आणि २५ चित्रांच्या हिशोबाने बनवलेली ब्लू-रेही तिथल्या काही यंत्रांना झेपत नाही.

साधनं मात्र वेगाने संपत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनी-डीव्ही टेप या दोन्हींचं उत्पादन बंद केलं. अडोबीचं डिस्क बनवणारं एन्कोर सीएस-सिक्सनंतर पुढे आलंच नाही, विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने आपला डीव्हीडी मेकर काढून टाकला. मोफत मिळणारं इमगबर्न अजून काम करतं, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे. इतर कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क आणि बाहेरून जोडायचे रायटर अजून मिळतात. ते घ्यायचे तर आत्ताच.

आणि हा प्रश्न एका घरापुरता नाही. घरगुती चित्रणाच्या मागे गाव दिसत असतं. १९१४ साली बांधलेला कल्याणचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला. तो आता दिसेल तर कुणाच्या तरी वरातीच्या किंवा विसर्जनाच्या चित्रणात, मागच्या बाजूला. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. फडके रोडवरून जाणाऱ्या त्या सुरुवातीच्या यात्रा गॅलरीत उभ्या राहिलेल्या लोकांनी हँडीकॅमवर टिपल्या असणार. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. त्या दिवशी मैदानात किती कॅमेरे चालू होते, आणि त्यातलं किती आज उघडतं?

महाराष्ट्राने हे नुकसान एकदा सोसलं आहे. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचं आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण केलं. या देशातल्या माणसाने केलेल्या पहिल्या चित्रणांत ही मोडतात, पण ती आज उरलेली नाहीत. दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत थोडं तरी वाचलं ते पी. के. नायर यांच्यामुळे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी त्यांनी फाळके कुटुंबीयांच्या घरातून रिळं मिळवली. देशाचा ठेवा एका कुटुंबाच्या सामानात पडून होता.

हे काम करू शकतील अशा संस्था आपल्या गावांत आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. जुनी पुस्तकं जपण्याचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव त्यांच्याकडे आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्यांना एकेका खोलीचा खर्च द्यावा: एक चालू व्हीसीआर, एक मिनी-डीव्ही कॅमेरा, फायरवायर कार्ड बसवलेला संगणक, ब्लू-रे रायटर आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क. ती यंत्रं चालवायला निवृत्त शूटिंगवाल्यांहून योग्य माणसं मिळणार नाहीत. नागरिकाने टेप आणावी, तासाच्या ठरलेल्या शुल्कात ती उतरवून डिस्क आणि फाइल घरी न्यावी. घरातलं चित्रण घरातच राहील. रस्त्यावरचा, मिरवणुकीचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा जो भाग कुटुंबाला द्यावासा वाटेल तेवढ्याची एक प्रत, लेखी संमतीने, तारीख आणि जागेच्या नोंदीसह वाचनालयाने ठेवावी. पुनर्विकासाच्या करारात सोसायट्या भाडं, कॉर्पस आणि पार्किंग बारकाईने लिहून घेतात. घर रिकामं करण्याची नोटीस लावताना त्याच फलकावर वाचनालयाच्या या खोलीचा पत्ता लावायला सोसायटीच्या सचिवाला कुणाची परवानगी लागणार नाही.